पटामागचा मुलगा

लग्नसराई सरल्यावर रिकाम्या पडलेल्या एखाद्या मंगल कार्यालयात मुलांची बुद्धिबळ स्पर्धा भरते, तेव्हा दारात उभ्या राहणाऱ्या मनुष्याला प्रथम जाणवते ती तेथील शांतता. ज्या वयाची दहा मुले एकत्र आली तर घर डोक्यावर घेतात, त्याच वयाची शेदोनशे मुले लांबच लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बसलेली असतात, आणि ऐकू येतो तो केवळ घड्याळांच्या कळा दाबल्याचा बारीक टकटकाट. कित्येकांचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत. काही जण खुर्चीवरच गुडघे मोडून बसलेले असतात, कारण तसे बसल्याखेरीज पलीकडच्या हत्तीपर्यंत हात पोहोचत नाही. नऊ वर्षांची एक मुलगी बारा वर्षांच्या मुलाचा हात रीतसर हातात घेते, घड्याळ चालू करते, राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवते, आणि ती चाल समोरच्या कागदावर अशा गांभीर्याने लिहून ठेवते की जुन्या काळच्या एखाद्या कारकुनाने सरकारी दफ्तरात जमाखर्चाची कलमे लिहावीत. त्या क्षणापासून पुढचे दोनतीन तास तिला आईबाप नाहीत, गुरू नाही, वडील भाऊ नाही. जे काही बरेवाईट होईल ते तिच्या एकटीच्या अकलेने आणि तिच्या एकटीच्या नावावर.

हे दृश्य आज आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते फार जुने नाही, ही गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. बुद्धिबळ पुरातन आहे. परंतु पटासमोर स्वतःच्या हक्काने बसलेले मूल ही अगदी अलीकडची, फार तर गेल्या पाऊणशे वर्षांतली घटना आहे. त्यापूर्वी मूल या खेळात होते, पण पटासमोर नव्हते; ते पटामागे, वडिलांच्या खांद्याआड, श्वास रोखून उभे असे. त्या खांद्यामागून ते पटापर्यंत कसे आले, याचा इतिहास आपल्या खेळाच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही.

खेळाच्या प्राचीनतेविषयी या महाराष्ट्राला तरी निराळे दाखले शोधावे लागत नाहीत. ते आपल्या बोलण्यातच पडलेले आहेत. एखाद्यावर आपण ‘मात’ करतो, राजकारणात ‘शह’ आणि ‘काटशह’ दिले जातात, पक्षाचा ‘मोहरा’ गळाला लागतो, आणि कालपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नसलेला मनुष्य अधिकारपदावर चढला की प्याद्याचा फर्जी, म्हणजे वजीर, झाला असे म्हातारी माणसे अजूनही म्हणतात. ज्यांनी जन्मात कधी पट पाहिला नाही तेही हे शब्द बिनचूक वापरतात. ग्रंथांतूनही साक्ष मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या विश्वकोशात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाला मानाचे स्थान आहे. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्ट यांनी ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड निबंध रचला, तेव्हा त्यातील राजनीतीला वाहिलेल्या ‘नीतिमयूख’ या भागात त्यांनी या खेळाचे नियम नोंदवून ठेवले. पुढे १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य नावाच्या एका दाक्षिणात्य शास्त्र्याच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापून निघाला, आणि त्यात विलायती पद्धतीने खेळणाऱ्यांसाठी बुद्धीला ताण देणाऱ्या कूटस्थिती दिलेल्या होत्या. राजा, धर्मशास्त्री आणि पंडित या तिघांनीही खेळाविषयी लिहिले; परंतु हा खेळ मुलांनी खेळावा, त्यांना तो शिकवावा, असा विचार त्यांच्यापैकी कोणाच्या मनाला शिवण्याचे कारण नव्हते.

कारण तो खेळच वडीलधाऱ्यांचा होता. वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात, दुपारची वामकुक्षी आटोपल्यावर पट पसरला जाई. पुष्कळदा तो कापडी असे, आणि त्यावरील घरे काळीपांढरी रंगविलेली नसून काही ठराविक घरांत नुसत्या फुल्या काढलेल्या असत. डाव मांडताना दोन राजे समोरासमोर येत नसत. प्रत्येक राजा प्रतिपक्षाच्या वजिरासमोर उभा राही. प्यादे सामान्यतः एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी, शह न लागलेल्या राजाला सबंध डावात एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेण्याची मुभा होती. प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले म्हणजे त्याचा वजीरच होई असे नाही. ज्या घरी ते पोहोचे त्या घराचा मूळचा मोहरा त्याला लाभे. विजयालाही दर्जे होते: प्याद्याकरवी मात केली तर ती विशेष मानाची प्यादेमात, आणि प्रतिपक्षाचे सारे सैन्य कापून राजाला एकटे उघडे पाडले, पण मात करता आली नाही, तर ती अर्धीच जीत. शिवाय हे सारे नियम गावोगाव थोडेथोडे बदलत; एका गावची वहिवाट दुसऱ्या गावी चालेलच असा भरवसा नसे.

अशा खेळात कज्जा निघाला की निवाडा कोण करणार? अर्थात जो वयाने आणि मानाने मोठा असेल तो. चाल परत घ्यायची की नाही, याला लेखी नियम नव्हता. मामलेदारांची चूक झाली तर ती परत घेतली जाई आणि शिरस्तेदारांची झाली तर पुष्कळदा घेतली जात नसे. विचार करायला मुदत नसे. एखादे पेन्शनर गृहस्थ एका चालीवर सुपारी कातरता कातरता घटका घालवीत, आणि समोरचा वयाने लहान असेल तर त्याने तगादा लावणे शिष्टाचाराला धरून होत नसे. भोवती बसलेली मंडळी दोन्ही पक्षांना मुक्तहस्ते मसलत देत, त्यामुळे डाव दोघांचा न राहता ओसरीचा होई. या सगळ्यात रस होता, गंमत होती, समाजाचा जिव्हाळा होता, हे मान्यच केले पाहिजे. पण वय हा तेथे एक हुद्दा होता, आणि ज्याच्यापाशी तो हुद्दा नव्हता त्या पोराचे काम तांब्याभर पाणी आणून देणे आणि मारलेले मोहरे डबीत भरणे एवढेच होते.

तरीही ते पोर पाहत होते. मुले खेळ शिकतात ती शिकविल्याने कमी आणि पाहिल्याने अधिक. क्यूबा देशातील हवाना शहरी होसे राऊल कापाब्लांका नावाचा चार वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांच्या डावाशेजारी उभा राहून मुकाट्याने पाहत असे. वडिलांनी घोडा चुकीच्या घरात नेला आणि डाव जिंकला, तेव्हा तो हसला, आणि त्यांची चूक दाखवून त्याने पुढे त्यांनाच हरवले, अशी आठवण त्यानेच मोठेपणी लिहून ठेवली आहे. १९२१ साली तो जगज्जेता झाला म्हणून ती आठवण उरली. आपल्याकडील ओसऱ्यांवर असे किती मुलगे हसले असतील आणि ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ एवढ्या एका वाक्याने किती हसू दाबले गेले असेल, याची नोंद कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

हा हुद्दा मोडला गेला तो कोणा समाजसुधारकाच्या व्याख्यानाने नव्हे. तो मोडला काही अत्यंत रुक्ष, कारकुनी म्हणाव्यात अशा गोष्टींनी. त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे सर्वांना एकच असा नियम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाबरोबर विलायती पद्धतीचा खेळ कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांत आला. कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाच्या बॅरिस्टराशी मोहेशचंद्र बंदोपाध्याय हे बंगाली गृहस्थ शेकडो डाव खेळले. देशी खेळातील एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असल्यामुळे त्यांनी मध्यावर झेप घेण्याऐवजी बाजूने दबा धरून बसण्याची जी रीत वापरली, तिच्यावरूनच आज जगभर खेळल्या जाणाऱ्या ‘इंडियन’ बचावांना ते नाव पडले असे मानतात. पुढे पंजाबातील मीर सुलतान खान याने विलायती नियम तरुणपणी शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. त्याच्याही आधी, १९२४ साली, सांगलीचे विनायक काशीनाथ खाडिलकर हे इंग्लंडात साउथपोर्ट येथे त्याच स्पर्धेत खेळून आले होते, आणि योगायोग असा की त्याच वर्षी पॅरिस येथे जागतिक बुद्धिबळ महासंघाची स्थापना झाली. देशी पद्धत मागे पडली याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्याबरोबर नियमाचा अर्थ सांगण्याचा वडीलधाऱ्यांचा मक्ताही संपुष्टात आला. छापील नियम ज्याला वाचता येतो, तो दहा वर्षांचा असला तरी पन्नास वर्षांच्या गृहस्थाला ‘आपण मोहऱ्याला हात लावलात, आता तोच चालवला पाहिजे’ असे नम्रपणे सांगू शकतो, आणि पंच त्याचे म्हणणे उचलून धरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखन. पटावरील चौसष्ट घरांना अक्षर आणि अंक देऊन प्रत्येक चाल टिपून ठेवण्याची पद्धत रूढ झाल्यावर डाव हा वाऱ्यावर विरून जाणारा प्रसंग न राहता दस्तऐवज झाला. ओसरीवरच्या उत्तम खेळाडूचे कौशल्य त्याच्याबरोबर जात असे. फार तर त्याच्या एखाद्या अजब मातेची कथा दोन पिढ्या टिके. लिहिलेला डाव मात्र हजार कोसांवरच्या मुलाला आपल्या खोलीत बसून पुन्हा खेळता येतो. गुरूच्या सान्निध्यात बारा वर्षे काढण्याची आवश्यकता उरली नाही. पुस्तक आणि पट यांच्या संगतीत बारा वर्षांचे मूल शंभर वर्षांचा अनुभव गोळा करू शकते. मुलांना या खेळात जे आकस्मिक बळ आले त्याचे मर्म येथे आहे. ज्या विद्येचा संचय वयावर अवलंबून होता, तो कागदावर आला आणि मुलांच्या हाती लागला.

तिसरी गोष्ट घड्याळ. १८५१ साली लंडन येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा घड्याळ नव्हते, आणि प्रतिपक्ष चालीवर बसून राहतो या तक्रारीने त्या काळचे खेळाडू जेरीस आले होते. पुढे वाळूची घड्याळे वापरून पाहिली गेली, आणि १८८३ सालच्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्या जोडलेले, एक चालू झाले की दुसरे थांबणारे घड्याळ प्रथम आले. त्या यंत्राने वेळेची समान वाटणी केली. समोर आजोबा बसले आहेत की नातू, हे घड्याळाला कळत नाही. ज्याची मुदत संपली तो हरला. या तीन गोष्टींच्या जोडीला, १८९५ साली झुरिक येथे प्रथम वापरली गेलेली स्विस पद्धत आली. तीत हरलेला खेळाडू बाहेर पडत नाही; प्रत्येक फेरीत ज्याचे जितके गुण, त्याला जवळजवळ तितक्याच गुणांचा जोडीदार मिळतो. त्यामुळे पहिल्या फेरीत रडवेले झालेले मूल घरी न जाता दुसऱ्या फेरीत आपल्यासारख्याच दुसऱ्या रडवेल्या मुलासमोर बसते, आणि नवव्या फेरीपर्यंत खेळत राहते. मुलांची स्पर्धा शेकड्यांनी भरते ती या हिशेबी व्यवस्थेच्या आधारावर.

या सगळ्यांवर कळस चढला तो वयोमर्यादेचा. इंग्लंडातील विल्यम रिटसन मॉरी या गृहस्थांच्या कल्पनेतून १९५१ साली बर्मिंगहॅम येथे वीस वर्षांखालील खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि युगोस्लाव्हियाचा बोरिस्लाव्ह इव्हकोव्ह तीत विजयी झाला. महायुद्धाच्या जखमा ताज्या असलेल्या युरोपात वेगवेगळ्या राष्ट्रांच्या मुलांनी एका दालनात बसून परस्परांचे केवळ लाकडी राजे घेरावेत, यात काही औचित्य होते. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्या स्पर्धेतून १९५५ साली अँटवर्प येथे बोरिस स्पास्की, १९६९ साली स्टॉकहोम येथे अनातोली कार्पोव्ह, आणि ती वार्षिक झाल्यानंतर १९८० साली डॉर्टमुंड येथे गॅरी कास्पारोव्ह पुढे आले. आणि हे तिघेही नंतर जगज्जेते झाले. १९८७ साली फिलिपाइन्समधील बागिओ येथे मद्रासच्या विश्वनाथन आनंदने ती स्पर्धा जिंकली. आईकडून खेळ शिकलेला हा मुलगा पुढल्याच वर्षी भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. वीस वर्षांच्या मर्यादेखाली मग अठरा, सोळा, चौदा, बारा, दहा, आठ अशा पायऱ्या पडत गेल्या, आणि ज्या खेळात पूर्वी मुलाला वयामुळे प्रवेश नव्हता त्या खेळात वय हेच त्याचे प्रवेशपत्र ठरले.

महाराष्ट्रात या स्थित्यंतराला ज्या गावाने घर दिले ते सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणल्यामुळे नाट्यपंढरी म्हणून ओळखले जाणारे, हळदीच्या पेठेसाठी देशभर माहीत असलेले हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव बुद्धिबळाचीही पंढरी मानले जाते. तेथे १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. संस्थानिकाच्या दिवाणखान्यातील आश्रय आणि मंडळाचा आश्रय यांत एक मूलगामी भेद आहे. दिवाणखान्यात शिरायला कोणाची तरी शिफारस लागे. मंडळात शिरायला चपला बाहेर काढून ठेवल्या की पुरे. भाऊसाहेबांनी एका पिढीला नव्हे, तर अनेक पिढ्यांतील मुलांना पटासमोर बसविले आणि वर्षानुवर्षे स्पर्धा भरविण्याचा शिरस्ता पाडला. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर त्याच गावातून निघाली, ती काही अकस्मात नव्हे.

मुलाबरोबर मुलगी पटासमोर आली, हा या कथेचा सर्वांत रम्य भाग आहे. कारण मुलगा निदान वडिलांच्या खांद्याआड उभा राहू शके, मुलीला ओसरीवरच यायची सोय नव्हती. सांगलीतच जन्मलेले नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नातू, ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुंबईतील घरात वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणी पटावर वाढल्या. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथमच भरली, तेव्हा वासंती विजयी झाल्या, आणि त्यापुढील दशकभर ते अजिंक्यपद या एका घराच्या उंबरठ्याबाहेर गेले नाही. १९७६ साली अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठा गहजब झाला. तो वाद जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेला, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय त्यांना द्यावा लागला. वयाचा हुद्दा आणि पुरुषत्वाचा हुद्दा हे दोन्ही एका शाळकरी मुलीने एकाच खेळीत मोडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्या वाटेवरून पुढे २००९ साली पुण्याची सौम्या स्वामिनाथन अर्जेंटिनातील पोर्तो माद्रिन येथे वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. आणि जून २०२४ मध्ये, तीच स्पर्धा गुजरातेत गांधीनगर येथे भरली असता, नागपूरची अठरा वर्षांची दिव्या देशमुख अखेरच्या, म्हणजे अकराव्या फेरीला बसली, तेव्हा आर्मेनियाची मरियम मकर्तच्यान तिच्या अगदी पाठीशी होती. अशा वेळी अनुभवी मनुष्य बरोबरीकडे झुकतो; पण शेजारच्या पटावर मरियम जिंकली तर बरोबरीचा अर्धा गुण निर्विवाद विजयाला पुरणार नव्हता. मरियम जिंकलीच. दिव्यानेही बल्गेरियाच्या बेलोस्लाव्हा क्रास्तेव्हाला हरविले, आणि अकरांपैकी दहा गुण मिळवून अवघ्या अर्ध्या गुणाने अजिंक्यपद घेतले. ही मुलगी २०१४ साली डर्बन येथे दहा वर्षांखालील आणि २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा जिंकून आलेली होती. म्हणजे वयोगटाच्या पायऱ्या तिने एकेक करून चढल्या होत्या. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने कोनेरू हंपीला हरविले आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टरही झाली. हंपी स्वतः २००१ साली वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती होती. एकाच जिन्याने वर आलेल्या दोघी, एकोणीस आणि अडतीस वर्षांच्या, समान वेळ घेऊन समोरासमोर बसल्या होत्या.

यात काही गमावले नाही असे नाही. ओसरीवरचा विनोद गेला, हरल्यावरही एकत्र चहा घेण्याची सवड गेली. मुलांच्या स्पर्धेच्या दारात घुटमळणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते ती पाहिली म्हणजे आपण मुलांना हुद्द्यातून सोडवून गुणांच्या तक्त्यात तर अडकविले नाही ना, अशी शंका येते. परंतु डाव संपल्यावर ती दोन मुले काय करतात ते पाहावे. कागदावर सह्या करून, हात मिळवून ती बाहेर ओट्यावर येतात, कापडासारखा गुंडाळलेला पट पिशवीतून काढतात, आणि आत झालेला डाव पहिल्या चालीपासून पुन्हा मांडतात. ‘इथे घोडा आणला असतास तर?’ ‘तर मी हत्तीचा बळी दिला असता.’ आता घड्याळ नाही, गुण नाहीत, आणि जिंकणाऱ्याला हरलेल्यापुढे आपली फसलेली मसलत उघड करून सांगण्यात काही संकोच नाही. ओसरी गेली असे आपण म्हणतो, ती येथे ओट्यावर परत आलेली असते.

आत सभागृहात मात्र पुढली फेरी सुरू झालेली असते. प्रेक्षकांसाठी आखलेल्या दोरीपलीकडे एक आजोबा उभे असतात. नातीचे प्यादे फुकट जाते आहे हे त्यांना स्पष्ट दिसते, पण खूण करण्याचीही परवानगी नसल्यामुळे ते दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, श्वास रोखून, नुसते पाहत राहतात.